स्वतःला इजा करून घेणारी पोरं, आणि टाके काढायला परत येण्याची गोष्ट

सोलापुरात मे महिन्यात दुपारी पारा ४२-४३ च्या घरात असतो, पंख्याखाली पण बसवत नाही, आणि अशा दुपारी एखादी पंधरा-सोळा वर्षांची पोरगी मनगटापर्यंत बाह्यांचा ड्रेस घालून बसलेली असली आणि आई म्हणाली "काय की, आजकाल हिला हेच आवडायलंय", तर माझी नजर आपोआप तिच्या हाताकडं जाते. अठरा वर्षं नर्सिंगमधे काढल्यावर लागलेली सवय आहे. आता प्रत्येक फुल बाहीच्या मागं काही असतंच असं नाही, उन्हाला जपणाऱ्या पोरी पण असतात, त्यामुळं लगेच कुणाची बाही वर करून बघायला जाऊ नका. पण हा विषय आपल्या घराघरात आहे आणि कुणी बोलत नाही, म्हणून आज नीट बसून लिहितेय.

आधी माझी चूक सांगते. नोकरीची पहिली दोन-तीन वर्षं असतील, नाईट ड्यूटी होती, रात्री दीडला आई एका पोरीला घेऊन आली, अकरावीची असेल. हातावर जखमा, आणि जखमा बघितल्यावर कळतंच की ह्या पडून झालेल्या नाहीत. मी ड्रेसिंगचा ट्रे घेतला आणि साफ करता करता म्हणलं, "आईनं रात्र रात्र विड्या वळून तुला शिकवायचं, आणि तू हे करायचं होय?" मला वाटलं मी शहाणपणाचं बोलले. पोरगी काहीच बोलली नाही, भिंतीकडं बघत राहिली. टाके घातले, आठ दिवसांनी काढायला या म्हणून सांगितलं, आणि ती आलीच नाही. ते टाके कुणी काढले, कुठं काढले, घरीच ओढून काढले का, मला आजवर माहिती नाही. त्यानंतर मी वाचायला लागले, मानसोपचारातल्या सिस्टर लोकांना विचारायला लागले, आणि हळूहळू माझं एक मोजमाप ठरलं, की असं पोर आपल्याकडं आलं आणि टाके काढायला परत आलं तर आपली नर्सिंग बरी झाली, नाही आलं तर टाका कितीही सुबक असूदे, काहीतरी चुकलं.

तर हे नेमकं असतं काय. स्वतःच्या शरीराला मुद्दाम इजा करणं, त्यात जीव द्यायचा विचार असेल किंवा नसेलही. अमेरिकेत ह्याचे दोन कप्पे करतात, जीव द्यायच्या इराद्याशिवाय केलेली इजा वेगळी आणि आत्महत्येचा प्रयत्न वेगळा, आणि २०१३ साली आलेल्या त्यांच्या डीएसएम-५ ह्या निदानाच्या पुस्तकात पहिल्या प्रकाराला 'अजून अभ्यास करायला हवा' अशा यादीत जागा दिली. ब्रिटनमधे असे कप्पे फार पाडत नाहीत, इरादा काही असो, सगळ्याला स्वतःला केलेली इजाच म्हणतात. मला प्रत्यक्ष कामात ब्रिटनवाल्यांचं जास्त पटतं, कारण पोराला स्वतःलाच त्या क्षणी इरादा काय होता ते सांगता येत नाही, सकाळी एक सांगतं, संध्याकाळी दुसरं.

किती पोरं असं करतात? जगभरातले अभ्यास एकत्र करून २०१४ मधे एक हिशोब मांडला होता, त्यात किशोरवयातल्या साधारण १७ टक्के मुलामुलींनी आयुष्यात एकदा तरी असं केलेलं होतं. म्हणजे साठ पोरांचा वर्ग धरला तर दहा. सुरवात बहुतेक वेळा बारा ते चौदा वर्षांच्या आसपास होते, म्हणजे सातवी-आठवी-नववी. आणि फक्त पोरीच करतात हे डोक्यातून काढा, पोरं पण करतात, पोराचा हात भिंतीवर आपटून सुजला की आपण "गरम डोक्याचा आहे" म्हणतो आणि सोडून देतो.

आता 'का' हा प्रश्न. आईबाप मला नेहमी हाच विचारतात, "सिस्टर, आम्ही काय कमी केलं ओ हिला?" कमीजास्तीचा प्रश्नच नसतो. बहुतेक पोरं जे सांगतात ते असं, की आत एवढं काहीतरी साठतं, राग, लाज, भीती, किंवा उलट एकदम बधिर वाटतं, काहीच वाटत नाही, आणि ते सहन होत नाही. इजा केल्यावर काही मिनिटं तो ताण उतरतो. हे खरंच शरीरात घडतं, दुखणं थांबताना मेंदूला जी सुटका वाटते त्याच्याबरोबर मनातली घालमेल पण थोडा वेळ खाली येते. पण ती सुटका टिकत नाही, मागून लाज येते, लपवालपवी येते, आणि मूळ ताण होता तिथंच असतो, वर आणखी एक गुपित सांभाळायचं ओझं. पुढच्या वेळी मेंदू परत तीच वाट सुचवतो कारण मागं ती लवकर लागू पडली होती. शिवाय भावनांना ब्रेक लावणारा मेंदूचा पुढचा भाग विशी ओलांडून पंचविशीपर्यंत तयार होत असतो, ही पोरं चौदा वर्षांची, गाडीला ॲक्सिलरेटर आहे आणि ब्रेक अजून बसवायचाय अशी अवस्था.

"लक्ष वेधून घ्यायला करायलीय" हे वाक्य मी वॉर्डात इतक्यांदा ऐकलंय की आता चीड येते. जे पोर ४३ डिग्रीत हात झाकून फिरतं ते लक्ष वेधून घेतंय का लपतंय? आणि समजा, एखादं पोर खरंच लक्ष मागत असेल, तर एवढ्या थराला जाऊन मागावं लागलं म्हणजे त्याला लक्षाची गरज किती असेल, ते द्या की मग. भूक लागली म्हणून रडणाऱ्या बाळाला आपण "दूध मागायची नाटकं" म्हणतो का?

आता कामाचं सांगते, कॅज्युअल्टीत असं पोर आलं की काय करायचं. हे नर्सिंगच्या पोरींसाठी पण आहे आणि घरच्यांसाठी पण.

पहिली गोष्ट, जखम ही जखम असते. गाडीवरून पडून आलेल्याला जसं धुवायचं, बधिर करून टाके घालायचे, धनुर्वाताचं इंजेक्शन बघायचं, दुखण्याचं औषध द्यायचं, अगदी तस्संच. हे मुद्दाम लिहितेय कारण "हिनंच करून घेतलंय ना, मग कशाला बधिर करायचं, कळू दे जरा" असं म्हणून भूल न देता टाके घातलेले मी एका ठिकाणी डोळ्यांनी बघितलेत. ही शिक्षा झाली, आणि आपण शिक्षा द्यायला बसलेलो नाही. ब्रिटनची नाइस नावाची सरकारी संस्था आहे, तिनं सप्टेंबर २०२२ मधे ह्या विषयावर नवीन मार्गदर्शन काढलं, त्यात साफ लिहिलंय की शिक्षेसारखी वागणूक द्यायची नाही. आणि अशा वागणुकीनं शिकण्यासारखं काय शिकतं पोर? एवढंच की पुढच्या वेळी दवाखान्यात जायचं नाही.

दुसरं, पडदा ओढा. आपल्याकडं कॅज्युअल्टीत एका बेडभोवती दहा नातेवाईक, मावशी, मामा, शेजारचा पेशंट, सगळे वाकून बघतात. पडदा नसला तर भिंतीकडच्या बेडवर घ्या, एका माणसाला थांबवा आणि बाकीच्यांना गोड बोलून चहाला पाठवा. जुने व्रण दिसले तर तोंड वाकडं करायचं नाही, आणि मोजत बसायचं नाही. मी आता साफ करताना फक्त काय करणारे ते सांगते, "आता पाणी घालतेय, गार लागेल," "आता थोडं झोंबेल, सांग मला जास्त झालं तर." दहा मिनिटं हेच. बोलायचं असलं तर पोर आपणहून बोलायला लागतं, बऱ्याच वेळा ड्रेसिंग चालू असतानाच, कारण तेव्हा आपण त्याच्या डोळ्यांत बघत नसतो, हाताकडं बघत असतो, त्याला ते सोपं जातं. एक पोरगी अशीच चिकटपट्टी लावताना हळूच म्हणाली होती, "सिस्टर, मला काय व्हायलंय तेच कळंना." मी म्हणलं, "बरं, कळंना तर कळंना, कधीपासून वाटायलंय तेवढं सांग." तिथनं पुढं अर्धा तास बोलली.

मग येतो तो प्रश्न जो विचारायला नव्या सिस्टर घाबरतात. "जगायला नको वाटतं का? मरायचा विचार येतो का?" असं सरळ विचारायचं. विचारल्यानं विचार डोक्यात घुसतो ही भीती खोटी आहे, ह्यावर भरपूर अभ्यास झालाय, विचारल्यानं धोका वाढत नाही, उलट बऱ्याच जणांना हलकं वाटतं की कुणीतरी एकदाचं विचारलं. आडून आडून "तसलं काही नाही ना मनात?" विचारलं की उत्तर "नाही"च येणार, आपणच नाही म्हणायला लावलं ना. इरादा नव्हता म्हणून पोर सांगत असलं तरी हलक्यात घ्यायचं नाही, कारण ज्यांनी आधी स्वतःला इजा केलीय त्यांच्यात पुढं आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो हे ठाम माहिती आहे.

आणि धोका मोजायचे फॉर्म असतात, एवढे मार्क आले तर हाय रिस्क, एवढे आले तर लो रिस्क, घरी सोडा. नाइसच्या त्याच मार्गदर्शनात सांगितलंय की असल्या मार्कांवरून पुढं काय होईल ह्याचा अंदाज बांधू नका आणि कुणाला उपचार द्यायचे ते पण ठरवू नका. पोर काल आणि आज सारखं नसतं, निकालाच्या आदल्या दिवशीचे मार्क निकालाच्या दिवशी काय कामाचे? बसून, नीट बोलून, घर-शाळा-मैत्री-मोबाईल-झोप सगळं समजून घेणं हेच खरं असेसमेंट.

गुपिताचं एक सांगायचंय. पोर म्हणतं, "कुणाला सांगणार नाही ना?" आणि आपल्या तोंडून पटकन "नाही गं" जातं. जाऊ देऊ नका. मी म्हणते, "तू सांगशील ते मी गावभर करणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुला त्रास देत असेल तर मला काही लोकांना सांगावं लागेल, आणि सांगायच्या आधी तुला सांगेन." कारण अठराच्या आतल्या पोरावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं आपल्याला कळवणं बंधनकारक आहे, तिथं पर्याय नाही. आधी शब्द देऊन मग मोडला तर त्या पोराचा मोठ्या माणसांवरचा उरलासुरला विश्वास पण गेला.

आपल्या सोलापूरचं आणखी एक आहे. इथं बऱ्याच घरांत तेलुगू नाहीतर कन्नड बोलतात, शाळेत मराठी. पोर रडायला लागलं की घरच्या भाषेत बोलतं, आणि मग आपण सोबतच्या आत्याला विचारतो "काय म्हणायलीय ओ?" असं करू नका. ती आत्याच कदाचित भांडणाचं कारण असेल. स्टाफमधे तेलुगू, कन्नड येणारं कुणीतरी असतंच, वॉर्डात कामाला असलेली मावशी नको, शक्यतो सिस्टरच, तिला बोलवा. पोराशी थोडा वेळ एकटं बोलायलाच हवं. आईबापाशी वेगळं बोलायला हवं, ते पण घाबरलेले असतात, ओरडतात ते भीतीनंच.

पोलिसाची भीती ही मोठी. एमएलसी होईल, म्हणजे पोलिसांना कळवायची केस म्हणून नोंद होईल, केस लागेल, उद्या लग्न कसं जमेल म्हणून लोक दवाखान्यातच आणत नाहीत. तर कायदा ऐका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ११५, त्यात म्हणलंय की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही, उलट त्याची काळजी घेणं, उपचार देणं ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेतलं कलम ३०९ घेतलंच नाही (सरकारी माणसावर दबाव आणायला केलेला प्रयत्न तेवढा वेगळ्या कलमात आहे). हॉस्पिटल एमएलसीची नोंद करेल, पोलीस येऊन विचारतील, पण त्यासाठी जखमी पोर घरात ठेवू नका.

काही गिळलं असेल, कसलंही औषध असूदे, तर वरून पोर ठणठणीत दिसलं तरी तडक हॉस्पिटल, १०८ ला फोन. काही औषधांचा परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसतो आणि तोवर उपचाराची वेळ निघून जाते. घरी मीठपाणी पाजून उलटी काढू नका. पाकीट, बाटली जे काही सापडेल ते सोबत आणा. आणि रक्त येत असेल तर स्वच्छ कापड घेऊन घट्ट दाबून धरा, दहा मिनिटं, मधेच उचलून बघायचं नाही. हळद, कॉफी, टूथपेस्ट ह्यातलं काहीही भरू नका, ते सगळं मग आम्हाला उकरून काढावं लागतं आणि पोराचे हाल होतात.

ॲडमिट केलं तर नजर ठेवायची असते. आता नजर ठेवणं म्हणजे खुर्ची टाकून दारात पहारा देणं आणि मोबाईल बघणं असं होऊन जातं. पोराला वाटतं मी कैदी. मी नव्या मुलींना सांगते, बसायचंच आहे तर बोल, पत्ते खेळ, वेणी घालून दे, तिला झोप येईना तर शेजारी बसून रहा. आणि ड्यूटी बदलताना 'तसली केस', 'नाटकवाली' असं सांगू नका, कारण पुढची सिस्टर तेच डोक्यात घेऊन तिच्याकडं जाते. सिस्टर लोकांचं पण बघायला हवं म्हणा, एका नाईटला पन्नास पेशंट आणि त्यात असं पोर, आपण बरं केलेलं तेच महिन्यानं परत जखमा घेऊन येतं तेव्हा हताश वाटतं, रागही येतो. तो राग येणं गुन्हा नाही, पण तो पोरावर निघायला नको, ड्यूटीनंतर कुणाशी तरी बोलून मोकळं व्हा. आणि परत आलं म्हणजे आपण हरलो असं नसतं, ते आपल्याकडं आलं, लपून राहिलं नाही.

औषधानं हे जातं का? इजा करणं थांबवायची अशी खास गोळी नाही. सोबत डिप्रेशन असेल, चिंतेचा आजार असेल तर त्याची औषधं डॉक्टर देतात आणि त्यांचा उपयोग होतो. वारंवार असं करणाऱ्या, भावना अजिबात आवरता न येणाऱ्या मुलांसाठी डीबीटी, म्हणजे डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी नावाची बोलण्याची आणि शिकण्याची उपचारपद्धत आहे. ती तयार केली मार्शा लिनेहान ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी. ह्या बाई स्वतः १९६१ साली, सतरा वर्षांच्या असताना, हार्टफर्डच्या मानसोपचार हॉस्पिटलात ॲडमिट होत्या, स्वतःला इजा करून घ्यायच्या. हे त्यांनी २०११ मधे त्याच हॉस्पिटलात उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं. मी हे घाबरलेल्या आयांना आवर्जून सांगते. त्या पद्धतीतल्या साध्या गोष्टी घरी पण करता येतात, इजा करावी वाटायची लाट आली की गार पाण्यानं तोंड धुणं, जोरात जिने चढणं-उतरणं, श्वास सावकाश सोडणं, सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायचा. लाट चढते तशी उतरते, तेवढा वेळ काढायचा असतो.

तो वेळ कसा काढायचा ते आधीच कागदावर लिहून ठेवायचं. स्टॅनली आणि ब्राउन ह्या दोघांनी २०१२ मधे मांडलेली सेफ्टी प्लॅनची पद्धत आहे, सहा पायऱ्यांची. मी पोराच्याच अक्षरात लिहून घेते. लाट येतेय हे कसं कळतं, मग मी एकटीनं काय करू शकते, मन दुसरीकडं वळवायला कुणाकडं कुठं जाऊ शकते, मदत कुणाला मागू, कुठल्या डॉक्टरला किंवा हेल्पलाइनला फोन करू, आणि घरातल्या धोक्याच्या वस्तू कशा लांब ठेवायच्या. शेवटचं आईबापानं करायचं. घरातल्या गोळ्या कुलपात, आजीच्या बीपी-शुगरच्या पण. खेड्यातली घरं असतील, डाळिंबाची-द्राक्षाची बाग असेल, तर फवारणीची औषधं घरात नकोतच, बाहेर कुलपात आणि किल्ली मोठ्यांकडं. नुसतं पोराची खोली झडती घेऊन काही होत नाही. आणि खोली तरी कुठं असते, यंत्रमागावर काम करणाऱ्याच्या घरात एका खोलीत सहा माणसं, पोराला रडायला पण जागा नसते. एका पोरानं 'कुठं जाऊ शकतो' समोर लिहिलं होतं, "अशोक चौकातल्या मामाच्या दुकानात, मामा काही विचारत नाही." एवढं चांगलं उत्तर मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही.

आईबापांनी शपथा घालू नका. "माझी शपथ आहे परत केलंस तर" म्हणलं की परत झालं तर पोर सांगणार नाही, एवढंच. देवाला नेताय तर न्या, सिद्धेश्वराला जाऊन या, पण अंगात काही आलंय म्हणून उतारे-अंगारे करत महिने घालवू नका. आपल्या सिव्हिलला, म्हणजे वैशंपायन मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला, मानसोपचार विभाग आहे, तिथं केस पेपर काढा. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात, पोर बोलू शकतं आणि आईबाप पण. अठराच्या आतल्यांसाठी १०९८ आहे. जीव धोक्यात असेल तर ११२.

डिस्चार्ज झाला की सगळे सुटलो म्हणतात, खरं तर घरी गेल्यानंतरचे पहिले दिवस जास्त जपायचे असतात. नाइसवाले म्हणतात जिवाची काळजी अजून वाटत असेल तर नीट असेसमेंट झाल्यावर ४८ तासांच्या आत परत संपर्क व्हायला हवा. सॅन फ्रान्सिस्कोत जेरोम मोटो नावाचे डॉक्टर होते, त्यांनी हॉस्पिटलातून सुटल्यावर पुढचे उपचार नको म्हणणाऱ्या ८४३ लोकांचे दोन गट केले, एका गटाला पाच वर्षं अधूनमधून साधी चार ओळींची पत्रं पाठवली, तुम्ही बरे असाल अशी आशा आहे, कळवावं वाटलं तर कळवा, एवढंच. पहिली दोन वर्षं त्या गटात आत्महत्या कमी झाल्या. चार ओळींच्या पत्रानं!

पत्रं लिहायला मला जमत नाही, फोन करते. घरच्यांची आणि पोराची परवानगी घेऊन, वॉर्डाच्या फोनवरून, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. जास्त काही बोलत नाही, जेवलीस का, झोप लागली का, ड्रेसिंग ओलं झालं नाही ना. परवा त्या 'कळंना' म्हणणाऱ्या पोरीला केला तर तिनं उलट मलाच विचारलं, "सिस्टर, टाके काढायला कधी येऊ? तुम्ही असाल ना ड्यूटीला?" मी चार्ट बघितला, मंगळवारी सकाळ पाळी होती. म्हणलं, मंगळवारी ये, अकराच्या आत.

नऊ वाजताच येऊन बसलती.